कळवतो म्हणाले

कळवतो, म्हणाले.
त्याच्या पुढचं कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत.

अक्कलकोट रोडला रिक्षा थांबली,
मी मानेनंच नको म्हटलं.
फाईल डोक्यावर धरली,
एप्रिलच्या उन्हात
बी.कॉम.चा तेवढा उपयोग.

अनुभव?
नाही, मी म्हणाले होते.
साखर पेठ येईतो
बोटांना एकेक आठवत गेलं:
आठव्या वर्षापासून नानांच्या मागावर
तुटला धागा सांधायचा,
लाईट गेली तरी, न बघता.

आता कुणाला सांगू?

अम्मा विड्या मोजत होती.
पंचविसांचा कट्टा बांधून होईतो
तिनं वर पाहिलं नाही.

श्रीलताचे सँडल पुसून पिशवीत घातले.
फोनचा आवाज वाढवला.
मग कात्री घेतली, एक पान कापलं,
वाकडं.

"हात थरथरायलाय," अम्मा म्हणाली,
"आधी खा की."