पाखडणी

रुवैसच्या लॅबमध्ये रात्रपाळीला
लतीफ परकार दोन बश्या मांडायचे.
एकीत नवा कॅटलिस्ट, तांदळाच्या पिठासारखा.
दुसरीत युनिटमधून आलेला, रंग नाचणीचा.
"पिठं दोन्ही एकाच गिरणीची," म्हणायचे,
"पण ह्यानं तेल खाल्लंन."

तेलातून निकेल येतं, व्हॅनेडियम येतं,
थोडं लोखंडही, कुठल्या विहिरीचं कोण जाणे.
सातशे अंशांत कण फिरतो, भाजतो, परत फिरतो.
दर फेरीला अंगात धातू मुरत जातो
आणि हातून काम कमी होतं.
डोळ्यांना मात्र सगळे सारखेच.

म्हणून तो पट्टा. टोकाला रोलर,
रोलरच्या पोटात चुंबक.
भुकटी सरकत कड्यावर पोचते.
नवखे सुटतात,
लांब उडी मारून पडतात पुढच्या पिंपात,
तिथून परत युनिटला.
जुने सोडत नाहीत पट्टा.
त्याच्याबरोबर खाली वळतात,
आणि चुंबकाची हद्द संपली
की अलगद
जवळच्या पिंपात.

"आमच्याकडे बायका सुपानं करतात हेच," परकार म्हणाले,
"पण सुपात हलकं ते उडतं, फोल.
इथं उडतो तो कामाचा."

ऑगस्टात त्यांची मेडिकल झाली.
छातीचा फोटो, रक्त, कान.
साहेबानं कागद उलटा करून टेबलावरून सरकवला.
त्या रात्री बाहेर इतका दमट होता की चष्मा पुसून पुसून थकलो.
परकारांनी ड्रॉवरमधून सुतळी बांधलेला चुंबक काढला
आणि सहज, खिशावरून फिरवला.
शिवणीत बसलेली भुकटी उठून उभी राहिली,
अंगावर काटा यावा तशी.
तेवीस वर्षांचा खिसा.
दोघंही काही बोललो नाही.

मग मीच विचारलं, जवळचं पिंप जातं कुठे?
"सिमेंटच्या कारखान्यात."
चुंबक रुमालात गुंडाळता गुंडाळता हसले :
"हर्णैला माझा वरचा स्लॅब बाकी आहे अजून.
बघू. भेट होईल."

आज पहाटे नमुना मी घेतला.
चुंबकाला लागलेला भाग, अठरा टक्के.
वहीत वरची ओळ त्यांच्या अक्षरात,
सातचा आकडा ते मध्ये आडवा छेदायचे.
खाली माझी ओळ.
ड्रॉवर उघडला तर
सुतळी तेवढी होती.