शून्याची ओ

तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ, टायरवाल्याच्या वरच्या मजल्यावर
आमचं ऑफिस. तीन टेबलं, एक इन्व्हर्टर,
आणि माझ्यापुढं एकशे बारा पानांची माहितीपुस्तिका.
काम म्हटलं तर काहीच नाही:
जिथं 0644 लिहिलंय तिथं 0o644 करायचं.
शून्य, मग बारका ओ, मग पूर्वीचंच सगळं.

पूर्वी शून्य नुसतं उभं असायचं दारात.
जाणत्याला कळायचं, आत आठाची मोजणी आहे,
सातानंतर थेट दहा.
नेणता यायचा तो शून्य ओलांडून
सरळ सहाशे चव्वेचाळीस म्हणायचा.
नव्या आवृत्तीत मुकं शून्य चालत नाही.
हाक मारली की त्यानं ओ द्यायची.

आठाची मोजणी मला कॉलेजात कळली नव्हती.
कळली येळ्ळूरला, सट्टुप्पाच्या दुकानात.
त्याच्याकडं वजनं तीनच उरली होती:
चार किलो, दोन किलो, एक.
रिकाम्या पारड्यापासून सातापर्यंत
काहीही मागा, अडायचं नाही.
पाच म्हटलं की हात आपसूक चाराकडं नि एकाकडं.
आठ मागितले तर म्हणायचा,
"दोन खेपा कर की मर्दा, मी कुठं पळालोय?"

इथंही तेच. चार म्हणजे वाचणं,
दोन म्हणजे लिहिणं, एक म्हणजे चालवणं.
पहिलं पारडं मालकाचं, दुसरं गटाचं,
तिसरं इतरांचं.

गिरिजा हिरेमठ कन्नड प्रत करते, मी मराठी.
ती तिसऱ्या पारड्याशी थांबली.
"इतररु लिहू की बेरेयवरु? तू काय लिहिलास, भरमा?"
मी 'इतर' लिहिलं होतं.
जरा वेळ दोघंही काही बोललो नाही.
खालून कुणीतरी टायरात हवा भरत होतं.

अडुसष्टाव्या पानावर एक घोळ सापडला.
कुणीतरी फालतू समजून शून्यच खोडलेलं.
नुसतं 644. म्हणजे दहाच्या हिशेबातलं.
मी पाठच्या कागदावर आठानं भागत गेलो,
बाकी उलटी लिहीत: 1204.
पुढचा एक सोडा, तो वेगळ्या कामाचा.
मग दोन, शून्य, चार.
मालकाला लिहिता येतं, वाचता येत नाही.
गटाला काहीच नाही.
इतर मात्र खुशाल वाचतात.

मला आप्पा आठवले.
साडेअकरा गुंठे त्यांच्या नावावर.
पहाणीचा उतारा कन्नडमधून येतो,
ते घडी घालून खिशात ठेवतात.
जिथं बोट दाखवलं तिथं सही करतात,
मराठीत, वळणदार, खाली दोन टिंबं देऊन.
काय लिहिलंय ते तलाठ्याला ठाऊक,
झेरॉक्सवाल्याला ठाऊक.
मागल्या खेपेला फोटो पाठवला तो गिरिजानंच वाचला मला,
"नाव बरोबर आहे रे. पण वडलांच्या वडलांचं
एक अक्षर गाळलेत बघ."

एका अक्षरानं काय होतंय, असं मी तेव्हा म्हणालो होतो.

उलटं करून पाहिलं, आठातलं खरं 644
दहाच्या बाजारात नेलं तर किती?
चारशे वीस.
गिरिजा खुर्चीतच हसत सुटली. "म्हणून विश्वास बसत न्हाई लोकांचा!"
मग हेस्कॉमनं लाईट घालवली,
इन्व्हर्टर कुरकुरला, आणि आम्ही चहाला उतरलो.

संध्याकाळपर्यंत दोनशे सात जागी ओ लागला.
उरलं फक्त सत्त्याण्णवाव्या पानावरचं.
तिथं अक्षरं नाहीत, जुन्या पडद्याचं चित्र आहे,
शोधून सापडत नाही, खोडून खोडलं जात नाही.
काळ्या पाटीवर पांढरं, 0644,
कुणीतरी कधीतरी दाबलेलं आणि चाललेलं.

नवं चित्र काढायला पाच मिनिटं पुरली असती.
मी खाली एक ओळ टाकली:
हे जुन्या पद्धतीचं लिखाण आहे, अर्थ तोच.
आणि मशीन बंद केलं.