वर्णानुक्रमे

बर्नलीत, ग्रंथालयामागच्या सभागृहात, हीटर खडखडतो.
मी रहिवासी समितीचं इतिवृत्त लिहिते.
महिन्यातून एक मंगळवार, तासाला चौदा पौंड, चहा फुकट.
विषय क्रमांक चार:
कॅनॉलकाठचं बंद पडलेलं हॉटेल
आणि त्यात राहायला आलेली अठ्ठावीस माणसं.

क्लिफर्ड ऑल्डरसन उठला.
एकतीस वर्षं बस चालवलेला माणूस,
हातात टोपी आणि तोंडात तो शब्द.
पुरा उच्चारला. शेवटचं अक्षरसुद्धा गिळलं नाही.
माझं पेन थांबलं.

आणि सभागृहात सगळ्यांना एकदम
काय करायचं ते कळलं.
इमोजेन उभी राहिली, मानेपर्यंत लाल,
म्हणाली, या छताखाली हा शब्द चालणार नाही.
मागून कुणीतरी: हल्ली माणसाला बोलायचीच चोरी.
कुणी फॅसिस्ट म्हणालं.
फॅसिस्ट कुणाला म्हणतोस, माझा आजा त्यांच्याशी लढला.
शब्द काढा. शब्द ठेवा, जगाला कळू दे.
पहिलं अक्षर लिहा आणि पुढे टिंबं द्या.
टिंबं किती, यावरही दोन तट पडले.
एकेचाळीस मिनिटं.
वेळ मी समासात लिहून ठेवते, सवय आहे.

मग मिस्टर पेनरोज.
निळा स्वेटर, स्वच्छ नखं.
त्यांचं बोलणं लिहून घेणं सोपं,
वाक्य संपलं की पूर्णविराम ऐकू येतो.
क्लिफर्डच्या वतीनं त्यांनी क्षमा मागितली.
इमोजेनचे आभार मानले.
मग म्हणाले, सर्वांच्याच सुरक्षिततेसाठी
कोण कुठे राहतं, कधीपासून, मूळचं कुठलं,
याची एक यादी असावी.
ऐच्छिक, अर्थातच.
जे भरणार नाहीत त्यांची वेगळी.
आडनावानुसार. वर्णानुक्रमे.

इमोजेननं कागद दोनदा वाचला,
पेन्सिलीचं टोक ओळीओळीवरून फिरवलं.
आक्षेपार्ह शब्द एकही नव्हता.
नऊ हात वर, दोन खाली.
तीन मिनिटं.
खालच्या दोनांत एक हात क्लिफर्डचा होता.
रुसून, की लाजून, की आणखी कशानं,
त्याला इतिवृत्तात रकाना नाही.

आमच्याकडे मिरजेला कुणी शिवी देत नसे.
मागची खोली भाड्यानं बघायला कुणी आलं
की आई आधी पाणी द्यायची, गुळाचा खडा द्यायची,
उन्हातून आलात, बसा म्हणायची.
मग विचारायची, पूर्ण नाव काय म्हणालात?
आणि शेवटच्या शब्दासाठी
मान किंचित पुढे करायची.
अय्या, खोली तर कालच दिली हो.
मी पायरीवर शेंगा सोलत असायचे.
ती कालच दिलेली खोली
सबंध उन्हाळा रिकामी होती,
आम्ही तिच्यात कुरडया वाळवल्या.

खुर्च्या रचताना क्लिफर्ड जवळ आला.
पोरी, तो शब्द तुला उद्देशून नव्हता.
मला माहीत आहे, मी म्हटलं.
मला माहीत नव्हतं.

विषय चारचा मजकूर मी तिथेच पक्का केला.
एका सदस्यानं अनुचित शब्द वापरला, तो वगळण्यात आला.
यादीचा ठराव जसाच्या तसा.
त्यात वगळण्यासारखं काही नव्हतं.

मिस्टर पेनरोज कोट घालून थांबले होते.
एवढं सुबक काम, म्हणाले, आणि मला तुमचं नावही ठाऊक नाही.
त्यांनी पेन काढलं.
पूर्ण नाव काय म्हणालात?
मान किंचित पुढे.

अभ्यंकर, मी म्हटलं.
मग एकेक अक्षर सुटं करून सांगितलं,
ए, बी, एच, वाय.
म्हणजे कुठल्याही यादीत
अ‍ॅबट, मग अब्दी, मग लगेच मी.

त्यांनी मला दाखवून खात्री केली.
एकही चूक नव्हती.
अक्षर फार सुंदर होतं त्यांचं.