लवंगेचं तेल

पाषाणचं तळं, शनिवार, सकाळचे सव्वासहा.
तुळशीराम मल्लाव जाळं झटकतो
आणि टबात आपटतात ते:
काळे, चिलखती, तोंडाच्या जागी उलटी वाटी.
दुकानात यांना सकर म्हणतात.
तुळशीराम म्हणतो, दगड्या.
खायचा नाही, विकायचा नाही,
वर जाळं फाडतो ते वेगळंच.

मी वहीत लिहिते: एकोणतीस. तीस. एकतीस.
मग बाटली उघडते.
वीस थेंबांनी यांचं काही होत नाही, चाळीस लागतात.
पाणी दुधाळतं आणि काठभर
दाढदुखीचा वास सुटतो,
आईच्या कापसाच्या बोळ्याचा.

कल्ले थांबले की दहा मिनिटं मोजायची, असा नियम.

फिरायला आलेले घारपुरे थांबतात.
“तुम्ही मासे खाता?”
नाही.
“मग हे?”
हे मळ्यासाठी, मी म्हणते.
बोटाएवढा असतो, खडकाला पोट लावून राहतो,
रामनदीच्या वरच्या अंगाला.
दोन वर्षांत एकदाच दिसला मला,
तोही मेलेला. हे मी सांगत नाही.
घारपुरे पिशवीतला उरलेला पाव
तळ्यात न टाकता तसाच परत नेतात.

मळ्याने माझ्याकडे काही मागितलेलं नाही.
दगड्यानेही नाही.

“यांना आणलं कोणी पण इथं?”
तुळशीराम दर शनिवारी विचारतो.
लोकांनी, मी सांगते. काचेची पेटी लहान पडली
की आणून सोडतात.

लोक म्हणजे
इयत्ता आठवी, औंध, दुसरा मजला.
पेटीतलं शेवाळ खाऊन खाऊन वीतभर झालेला
आमचा बंडोपंत.
बाबा म्हणाले, टाक गटारात.
मी दोन दिवस जेवले नाही.
मग बादली, बाबांची स्कूटर, हाच काठ.
पाण्यात उतरल्यावर तो जरा थांबला होता,
म्हणजे मला तसं वाटलं होतं.
घरी येऊन देवापुढे साखर ठेवली,
एक जीव वाचवला म्हणून.

आजच्या एकतीसांत एक बराच थोराड आहे.
हे किती वर्षं जगतात ते मला ठाऊक आहे.
मी त्याला उलटून बघत नाही.

तुळशीराम टबाकडे पाठ करून विडी पेटवतो.
सात मिनिटं. आठ.
नवव्याला कुणाचं तरी शेपूट हललं.

घड्याळ परत शून्यावर.