मधली वेळ

त्या देशाचं नाव मी लिहीत नाही.
दुभाषी बाई अजून तिथंच राहते,
तिला दोन लेकरं आहेत.

मी जिंतूरचा. शाळेत पीटीचा मास्तर, एकतीस वर्षं.
मैदान म्हणजे मुरूम, बाभळीचे काटे
आणि फक्कीच्या सहा रेघा,
दुपारपर्यंत शेळ्यांनी पुसलेल्या.
तिथून टाइमकीपरच्या परीक्षा देत देत
परभणी, पुणे, पतियाळा,
आणि एक दिवस निळा ब्लेझर.
माय म्हणाली, "पळणारे पळतेत, तू कामून चाललास?"
म्हटलं, "मोजायला."

तिथले रस्ते धुतलेले.
इतके, की एक कुत्रं नाही.
जिंतूरच्या माणसाला आधी तेच खटकतं.
विचारलं तर बाई म्हणाली, "पाहुणे येणार होते ना."
मग जरा थांबून, "नुसती कुत्रीच नाही."
आणि लगेच मोठ्या आवाजात
कारंजी दाखवू लागली.

स्टेडियमात ऐंशी हजार माणसं
एका शिट्टीवर उठायची, एका शिट्टीवर बसायची.
मी जन्मभर शिट्टी फुंकली;
सातवी ब कधी पहिल्या शिट्टीला उभी राहिली नाही.
तेव्हा राग यायचा.

चारशे मीटर, मुलींची फायनल.
विजेचं घड्याळ नेमकं त्याच दिवशी बंद.
वर काचेमागं साहेब बसलेले,
खाली आम्ही तिघं, हातात तीन घड्याळं.
पाचवी लेन रिकामी.
यादीत त्या नावावर पट्टीनं ओढलेली रेघ.
मी रकाना भरला : सुरुवात केली नाही.
म्हणजे व्याकरणानं दोष तिचाच.

चौथ्या लेनवर त्यांची पोरगी, घोट्याला पट्टी.
चांगली पळाली. माझ्या घड्याळात
बावन्न पूर्णांक चार.
शेजारच्या दोघांत एक्कावन्न पूर्णांक एक,
दोन्हीत अगदी सारखं,
जसं कुणी घरूनच लावून आणलेलं.
फलकावर राष्ट्रीय विक्रम आधी झळकला,
आमचा कागद नंतर गेला.

नियम मीच शिकवलेला, शंभर पोरांना, पाठ करून घेऊन :
तीन घड्याळं तीन तऱ्हेची, तर मधली वेळ धरा.
दोन सारखी, तर तीच खरी.
तिसऱ्यानं सही करायची.
मी केली.
झोकदार सही, शाळेच्या दाखल्यावर करतो तशी.

पोरगी धापा टाकत आमच्यापाशी आली,
माझ्या मुठीतल्या आकड्याकडं बघितलं.
पळणाऱ्याला आपली वेळ पायात कळते.
मग तिनं मान वर केली
आणि काचेकडं हात हलवला,
खांदा दुखत असल्यागत.

बाप सांगायचा : निजामीत, ज्युबिलीच्या दिवशी,
शाळेची पोरं उन्हात कवायतीला उभी केलेली.
चुलता तेव्हा परभणीच्या कोठडीत.
कवायत झाल्यावर एकेकाला पेढा मिळाला.
"गोड होता का?" मी विचारायचो, दर वेळी.
बाप दर वेळी विषय बदलायचा.
आता मला दोन्ही कळतं,
पेढा आणि विषय.

गावात सत्कार झाला. शाल, नारळ,
बसस्टँडवर माझा फोटो, नावात एक काना कमी.
अध्यक्ष बोलले, खेळात राजकारण नसतं.
टाळ्या पडल्या. त्यात माझ्याही.

रिटायर झालो तरी सकाळी मैदानावर जातो.
ते घड्याळ बदललं; जुन्यातला सेल मी काढला नाही,
आकडे आपोआप विझू दिले.
काल आरेफा चारशे पळाली. पासष्ट पूर्णांक दोन.
"सर, चौसष्ट लावा की. कोण बघायलंय?"
मी नाही म्हटलं.
जरा जास्तच मोठ्यानं म्हटलं असणार,
कारण ती दचकली.
मग मुरमाला एक लाथ मारून
पुन्हा रेघेवर जाऊन उभी राहिली.
शिट्टीची वाट न बघताच निघाली,
आणि तिच्यामागं भुंकत
गल्लीतली चार कुत्री.