चारशे टक्के

बॅनर हवा होता, दहा बाय सहा.
निपाणीत जुन्या ट्रॅक्टरांचं प्रदर्शन,
आणि कल्लाप्पा चौगुलेंचा एकसष्ट सालचा
शेडमध्ये, तंबाखूच्या बोदांना टेकून,
नातवाने मोबाईलवर टिपलेला.

मी कोंबडी काढली. दोरीवरचं लुगडं काढलं.
शेजारचा चांगला पत्रा उचलून
गंजावर ठेवायचा, एवढंच असतं;
चारशे टक्के मोठं केलं की बोनेटसुद्धा
शेत दिसतं, नांगरायचं राहिलेलं.
नंबरपाटीवर एम वाय,
पुढचं सगळं किटलेलं.
तेवढं सोडलं. अंदाजाने नंबर लिहू नये.
दिव्याच्या काचेत नातू होता, वाकलेला.
त्यालाही पुसला.

म्हातारा आला. पडद्याला नाक लावून
बोनेट बघितलं, चाकं बघितली,
मग डावं मडगार्ड.
"हितलं घासलेलं कुठं गेलं गा?"

रंग उडाला होता, मी भरला.

"उडाला न्हवता. गंगव्वा बसायची हितं.
संकेश्वरला, बाजाराच्या दिवशी.
एक हात हितं धरून. हितं."
बोट पडद्यावर. तेलकट ठसा.

फाईल सपाट करून ठेवली होती,
मागे जाता येईना.
नवा थर घेतला, बारीक ब्रश,
आणि पहिल्यांदाच
पत्रा झिजवत बसलो, तळव्याएवढा.

"जरा खाली," तो म्हणाला. "बुटकी होती."

मग पाकीट चाचपत:
"आदी पुसायचं, मग परत घालायचं,
दोन्हीचे पैसे घेतोस काय?"