स्टेपनी

गाडीची स्टेपनी पाच भोकांची,
ट्रेलरचं चाक चार भोकांचं.
हे आम्हाला चोर्ल्याच्या रस्त्यावर कळलं,
कणकुंबीच्या अलीकडं, दुपारी सव्वातीनला,
आमची प्लायवुडची खोली
एका पायानं लंगडी होऊन कडेला कलंडली
आणि आतला साखरेचा डबा
आपला आपण उघडला तेव्हा.

मथुराक्का, माझी नणंद, दगडावर बसून म्हणाली,
"दोन पलंग केलेस, पडदे शिवलेस,
भांडी घासायला सिंकसुद्धा बसवलंस.
तिसरं चाक कुणी आणायचं, वहिनी?"
टेम्पो यायला पाच तास लागले.
पाच तासांत ती तेवढं एकच बोलली.

म्हणून आज उद्यमबाग.
शिवलिंगप्पा बडिगेरांची शेड,
लोखंडाच्या चुऱ्याचा वास,
पलीकडच्या फौंड्रीची धडधड पायांतून वर येते.

चाक मागं लावलं तर शेपूट जड,
साठच्या पुढं खोली डोलायला लागेल.
खाली लावलं तर चिखलात आडवं पडून काढायचं,
आणि आमच्या दोघींच्या कमरा मिळून
एकशे एकतीस वर्षांच्या.
टपावर?
मथुराक्कानं नुसतं टपाकडं बघितलं.

"दांडीवर," बडिगेर म्हणाले.
गाडी आणि खोली यांच्या मधली ती त्रिकोणी दांडी.
त्यांच्याकडच्या नकाशात तिला जीभ म्हटलंय.
"नालिगे," म्हणत त्यांनी स्वतःची काढून दाखवली,
पानानं लाल.
"जिभेवर वजन असलं की मागचं भरकटत नाही, अक्का.
पण स्वल्प. जास्त झालं की
गाडीचं नाक वर."

मी मथुराक्काकडं बघितलं नाही.
तीही माझ्याकडं बघत नव्हती.
पस्तीस वर्षं एका चुलीवर रांधलेल्या बायकांना
कधी कुठं बघू नये ते कळतं.

घरचा वजनकाटा मी पिशवीतून आणलेला.
त्यावर लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यावर जीभ :
अडतीस.
चाक ठेवून : एक्कावन्न.
बडिगेरांनी खडूनं फरशीवर कानडी आकडे मांडले,
बसच्या पाट्या वाचून वाचून मला येतात तेवढे.
सगळी खोली चारशे वीस किलो.
शंभराला बारा पडतात. "सरी," ते म्हणाले.

मग पुठ्ठा कापून वळण बघितलं,
रिव्हर्स घेताना डिकीला घासतं का.
चार बोटं राहतात.
दांडीला भोक नाही, वेल्डिंग नाही,
"हिचं कातडं पातळ आहे,"
दोन यू-बोल्ट, एक जाड पट्टी,
पट्टीवर चार खुंट्या,
वॉशर, नट, वर आणखी एक नट.
पोरगा पान्यावर लोंबकळला तेव्हा
पोराचे पाय जमिनीवरून सुटले.

"आय्तु," म्हणेपर्यंत चार वाजले.
आणि तेव्हा मथुराक्का उठली,
पुढच्या छोट्या चाकाचं हँडल धरलं,
फिरवलं.
अर्धा फेरा. टक्.
टायरला अडलं.
परत उलटं. टक्.

कुणी काही बोललं नाही.
बडिगेरांनी चष्मा कपाळावर सरकवला,
हँडल काढलं,
दोन बोटं कापलं,
मूठ पुन्हा डागून
पाण्याच्या बादलीत बुडवली. चर्र.
"फिरवा आता."
फिरलं.
हात मात्र जास्त लावावा लागतो.
"लावीन की," मथुराक्का म्हणाली.

मंगळवारी पुन्हा तोच रस्ता.
पंक्चर झालं नाही. तरी आम्ही थांबलो.
दगड तिथंच होता.
चहा उकळला, साखरेचं झाकण घट्ट होतं.
मथुराक्का पुढं गेली,
बाजारात कलिंगड बघावं तसं
बोटाच्या पेरानं टायरवर दोनदा वाजवलं,
कान लावला,
आणि माझ्याकडं न बघता म्हणाली,
"हवा भरलीस ना?"